हिरडीखालचं गेलेलं हाड परत आणता येतं का?

जपानमध्ये दात पुन्हा उगवण्याचं औषध निघालं, अशी बातमी मधल्या काळात गावोगावच्या मोबाईलवर फिरली. बातमी खोटी नाही. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ मध्ये या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. दाताचा अंकुर वाढू न देणारं एक प्रथिन शरीरात असतं, त्याला हे औषध अडवतं. पण पहिली चाचणी औषध सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यापुरती असते, आणि संशोधकांच्या डोळ्यांसमोर आधी आहेत ते जन्मतःच काही दात न आलेले रुग्ण. पन्नाशीत दाढा हलायला लागलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्यातून इतक्यात काही मिळायचं नाही.

त्याच्या दाढेचा प्रश्नच वेगळा आहे. हलते म्हणून काढलेली दाढ ट्रेमध्ये ठेवून नीट पाहा. वरचा भाग बऱ्याचदा शाबूत असतो, कुठं कीड नाही, खड्डा नाही. मूळ मात्र जवळजवळ टोकापर्यंत काळपट, खरखरीत खपलीने मढलेलं असतं. दाढ चांगली होती, तिला धरून ठेवणारं सगळं गेलं होतं. ते धरून ठेवणारं परत आणता येतं का, असा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर: काही जागी, काही प्रमाणात, हो. दंतवैद्यकाला हे चाळीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. खेड्यातल्या माणसापर्यंत ते अजून पोचलेलं नाही, आणि वाचू शकणारे दात आपल्याकडे रोज काढले जातात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दात कशाच्या आधाराने उभा असतो

दात हाडाला थेट चिकटलेला असतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ, कठीण थर असतो. त्याच्यासमोर जबड्याचं हाड. या दोघांच्या मध्ये मिलीमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी फट असते आणि त्या फटीत हजारो बारीक तंतू असतात. त्यांचं एक टोक सिमेंटममध्ये रुतलेलं, दुसरं हाडात. या तंतूंच्या पट्ट्याला लिगामेंट म्हणतात. ज्वारीची भाकर चावताना येणारा दाब हाच पट्टा झेलतो. भातात खडा आला की जबडा क्षणात थांबतो, तोही बराचसा या लिगामेंटमधल्या नसांमुळे. सिमेंटम, लिगामेंट, हाड आणि वरून झाकणारी हिरडी, या चौघांना मिळून पुढे मी ‘आधार’ म्हणेन.

आधार जातो कसा

१९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सूज उतरली. दातावर साचणारा जंतूंचा मऊ, पांढरट थर हेच हिरडी सुजण्याचं कारण आहे, हे त्यातून पक्कं झालं. हिरडीची ही सूज पूर्ण बरी होते, हेही.

थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं कडक किटण होतं. ते ब्रशने निघत नाही. किटणावर नवा थर धरतो, हिरडी दातापासून सुटत जाते आणि मध्ये खोल खाच तयार होते. या खाचेला पॉकेट म्हणतात. निरोगी माणसातही ही खाच १ ते ३ मिलीमीटरची असतेच. ४ च्या पुढे काळजी सुरू होते. ६ झाली की आत ब्रश तर सोडाच, डॉक्टरचं हत्यारही धड पोचत नाही. आतल्या जंतूंशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांच्यामुळेच भोवतीचं हाड आणि लिगामेंट विरघळायला लागतं. हाच पायरिया. इथून पुढे आपोआप माघारी फिरता येत नाही.

आणि हे सगळं न दुखता होतं. मला या आजाराची सगळ्यात जास्त चीड येते ती याच गोष्टीची. दाढेत कीड लागली की माणूस रात्रभर कळवळतो आणि सकाळी पहिल्या एसटीने तालुक्याला येतो. हाड जात असतं तेव्हा फक्त ब्रशवर थोडं रक्त दिसतं, तोंडाला वास येतो. मग सोयाबीन निघू दे, कापूस वेचून होऊ दे, पुढच्या महिन्यात पाहू, असं करत दोन-चार हंगाम जातात.

एक गैरसमज इथंच दूर करतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. ते डाग म्हणजे पायरिया नाही. डागाळलेल्या दाताचा आधार पक्का असू शकतो आणि पांढऱ्याशुभ्र दाताखालचं हाड निम्मं गेलेलं असू शकतं. रंगावरून काहीही ठरत नाही, मोजावं लागतं.

मोजणं सोपं आहे. बोथट टोकाची, मिलीमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई हिरडीच्या कडेने हळूच आत घालतात. एका दाताभोवती सहा जागी. डॉक्टर आकडे मोठ्याने सांगतात, सहायक लिहून घेतो: ‘तीन, दोन, तीन... तीन, पाच, सात.’ तो ‘सात’ ऐकू आला की तिथला एक्स-रे काढायचा आणि हाड कुठवर उरलंय ते पाहायचं. या मापाशिवाय आणि एक्स-रेशिवाय कोणी सरसकट दात काढायला सांगत असेल, तर आधी माप घ्या म्हणावं. तो तुमचा हक्क आहे.

साफ केलं की हाड आपोआप का भरत नाही?

सगळ्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे, म्हणून इथं जरा थांबू.

पाऊस पडून मोकळी जमीन ओली झाली की आधी काय उगवतं? तण. सरकी टोबलेली असते, तीही उगवणार असते, पण तणाला घाई असते. निंदणाला बाया मिळाल्या नाहीत तर पंधरा दिवसांत शेत हिरवं दिसतं आणि त्यात पीक शोधावं लागतं.

पॉकेट साफ केल्यावर आत हीच शर्यत लागते. मोकळ्या झालेल्या जागेत चार प्रकारच्या पेशी शिरू पाहतात: हिरडीच्या वरच्या कातडीच्या, हिरडीच्या आतल्या मांसाच्या, हाडाच्या आणि लिगामेंटच्या. कातडीच्या पेशी दिवसाला अर्धा ते एक मिलीमीटर सरकतात. हाड आणि लिगामेंट भरायला महिने लागतात. साहजिकच कातडी आधी मुळाच्या कडेने खाली उतरते आणि जागा व्यापून टाकते. पॉकेट उथळ होतं, रक्त थांबतं, पेशंटला बरं वाटतं. हे वाईट मुळीच नाही. कातडीने पटकन जखम झाकणं ही शरीराची चांगलीच सवय आहे, आणि पुष्कळ दात एवढ्यावर वर्षानुवर्षं टिकतात. पण मूळ आणि हाड यांना जोडणारे तंतू परत आलेले नसतात.

टोरांटोचे संशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये हे स्पष्ट मांडलं: मुळाच्या पृष्ठभागावर कोणत्या पेशी आधी पोचतात, त्यावर तिथं काय तयार होणार ते ठरतं. खरा आधार हवा असेल तर लिगामेंटच्या पेशींना पुढं जाऊ द्यायला हवं. मग स्वीडनमध्ये नीमन, लिंडे आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे माणसावर करून पाहिलं. आधार गेलेल्या, काढावाच लागणार होता अशा एका खालच्या पुढच्या दाताभोवती त्यांनी हिरडी आणि मूळ यांच्या मध्ये प्रयोगशाळेतल्या फिल्टरचा तुकडा ठेवला. वरची कातडी त्याच्या बाहेरच अडली. तीन महिन्यांनी तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मुळावर नवा सिमेंटम होता आणि त्यात रुतलेले नवे तंतूही.

मिरचीच्या वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरतात, ते याच तत्त्वावर. तण वर येऊ द्यायचं नाही, पिकाला मोकळीक द्यायची.

ऑपरेशनमध्ये काय काय करतात

पहिल्या भेटीत ऑपरेशन होत नाही. आधी किटण काढतात, मुळं हिरडीखालपर्यंत घासून गुळगुळीत करतात, ब्रश कसा फिरवायचा ते शिकवतात. मग दोन-तीन महिने थांबून पुन्हा माप घेतात. बरीच पॉकेट एवढ्यानेच आवरतात. जी ६ मिलीमीटरच्या आसपास किंवा पुढेच राहतात आणि ज्यांच्या खाली हाडात खोल खड्डा आहे, त्यांचाच पुढचा विचार.

ऑपरेशन जागा बधिर करून होतं, पूर्ण भूल लागत नाही. हिरडी दातापासून अलगद सोडवून बाजूला करतात. मग खड्डा उघडा दिसतो: आत लालसर, मऊ, रक्ताळलेलं मांस भरलेलं असतं. ते खरवडून काढतात, मुळावरचं उरलंसुरलं किटण काढतात. पांढरं हाड आणि स्वच्छ मूळ दिसेपर्यंत हे काम चालतं. सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला लागतो आणि निकालही बराचसा इथंच ठरतो.

पुढे खड्ड्यानुसार निवड असते. कुठं नुसता पडदा लावतात, म्हणजे त्या फिल्टरसारखाच कातडीला बाहेर अडवणारा पातळ तुकडा. पूर्वीचे पडदे नंतर काढावे लागत, आताचे कोलॅजेनचे पडदे आपोआप विरघळतात. कुठं खड्ड्यात हाडाची जाडसर भुकटी भरतात, म्हणजे पडदा आत दबत नाही आणि नव्या हाडाला वाढायला जागा राहते. कुठं मुळावर एका प्रथिनाची जेली लावतात. दात घडत असताना मुळावर सिमेंटम तयार होण्याची सुरुवात ज्या प्रथिनांमुळे होते असं मानतात, तीच ही.

आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये चौथा मार्ग बराच वापरला जातो, कारण त्याला बाहेरचं महागडं सामान लागत नाही. त्याला पीआरएफ म्हणतात. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी तो २००१ मध्ये पुढे आणला. पेशंटच्या हातातून थोडं रक्त घेतात आणि ते न गोठण्याचं औषध न मिसळता लगेच यंत्रात फिरवतात. दहा-बारा मिनिटांत नळीत तीन थर दिसतात: तळाशी लाल, वर पिवळसर पाणी आणि मध्ये लवचीक, पिवळट गाठ. ती गाठ चिमट्याने उचलून दाबली की पातळ पडदा होतो. जखम भरायला मदत करणारे रक्तातले घटक तिच्यात अडकून राहिलेले असतात आणि काही दिवस हळूहळू सुटत राहतात. मग हिरडी जागेवर आणून टाके घालतात.

किती मिळतं?

फसवणूक होऊ नये म्हणून आकडा सांगतो. पडदा लावलेल्या आणि नुसतंच उघडून साफ केलेल्या जागांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला आहे. त्यात पडद्याने सरासरी सव्वा मिलीमीटरच्या आसपास जास्तीचा आधार मिळाला. प्रथिनाच्या जेलीचा आकडाही साधारण एक मिलीमीटरचाच. ऐकायला हे थोडं वाटतं. पण ही सरासरी आहे, आणि ती साफ केल्याने मिळतं त्याच्या वरची भर आहे. खोल, अरुंद खड्ड्यात यापेक्षा बरंच जास्त मिळतं. बोट लावलं की हलणारी दाढ आणि भाकर चावणारी दाढ यांच्यातला फरक काही मिलीमीटरचाच असतो.

मग सगळ्यांनाच का करत नाहीत?

खड्ड्याचा आकार पाहावा लागतो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत पाणी टिकतं ते बांध शाबूत असतात म्हणून. दाताशेजारच्या खड्ड्याला तीन बाजूंनी हाडाच्या भिंती उरल्या असतील, तर भरलेलं आत टिकतं आणि नवं हाड धरतं. एकच भिंत उरली असेल तर कठीण. सगळ्या दातांभोवतीचं हाड वरून सारख्या उंचीने खाली गेलं असेल, तर तिथं नवं हाड उभारण्याची भरवशाची पद्धत आजही नाही. दाढेची मुळं जिथं फाकतात तिथलं हाड एका बाजूने गेलं असेल तर प्रयत्न करता येतो. आरपार गेलं असेल तर यशाची खात्री कोणी देऊ नये.

दुसरी गोष्ट पेशंटच्या हातात असते, आणि विदर्भात ती फार मोठी आहे. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही गोळी जिथं दाबून ठेवतात, तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. सुपारीमुळे गालाची आतली कातडी ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. दोन बोटंही आत जात नसतील, तर मागच्या दाढेपर्यंत सळई न्यायची कशी आणि टाके घालायचे कसे? असे तरुण माझ्या खुर्चीत बसतात, एक्स-रेमध्ये खड्डा अगदी भरण्याजोगा दिसतो आणि मला हात चालवता येत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी एक फसगत होते. धुरामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार असून कळत नाही, आणि ऑपरेशननंतर आधारही कमी भरतो. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे अभियान २०१६ पासून तंबाखू आणि दारूविरुद्ध गावागावांत काम करतं आहे. दात वाचवण्याच्या दृष्टीने मला ते काम कोणत्याही पडद्यापेक्षा मोलाचं वाटतं.

साखरेचा आजार असेल तर ती आधी आटोक्यात आणावी लागते. हे नातं दोन्हीकडून चालतं: साखर वाढली की पायरिया वाढतो, आणि पायरियावर उपचार केले की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो.

‘गाईचं हाड तर नाही ना घालणार?’

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण मनात असतो. विचारावाच. बाजारात मिळणाऱ्या काही भुकट्या गाई-बैलांच्या हाडापासून केलेल्या असतात, त्यातलं सगळं सजीव द्रव्य काढून टाकलेलं असतं. प्रथिनाची जेली डुकराच्या पिलांच्या न उगवलेल्या दातांपासून येते. कोलॅजेनचे पडदेही बहुधा जनावरांपासूनच. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत: पूर्णपणे कृत्रिम भुकटी, आपल्याच जबड्यातून खरवडून घेतलेलं हाड, आपल्याच रक्ताची गाठ. दान केलेल्या मानवी हाडाची प्रक्रिया केलेली भुकटीही असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी ऊतीपेढी (टिश्यू बँक) आहे. काय वापरणार हे आधी सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे.

‘यापेक्षा काढून इम्प्लांट बसवलेलं बरं नाही का?’

इटलीत याची थेट तुलना झाली. हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलेले, कोणीही काढायला सांगेल असे दात असलेले ५० पेशंट घेतले. २५ जणांचा दात आधार वाढवून वाचवायचा प्रयत्न केला, २५ जणांचा काढून तिथं इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) बसवला. दहा वर्षांनी पहिल्या गटातले ८८ टक्के दात तोंडात होते. हे पेशंट निवडक होते, हात कसलेले होते आणि तपासणी ठरल्या वेळी काटेकोर होत होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही ‘हलतो म्हणजे गेला’ हा समज त्याने मोडतो. शिवाय इम्प्लांटला लिगामेंट नसतं, ते हाडालाच धरतं. आणि ज्या किटणाने दात घालवला, ते साफ न करणाऱ्याचं इम्प्लांटभोवतीचं हाडही जातं.

जो दात खरंच वाचण्यापलीकडे आहे तो काढावाच. त्यात लाज नाही.

‘किटण काढलं की दात ढिले होतात’

दात आधीच ढिला असतो. शेजारच्या दातांच्या किटणाची खपली त्याला धरून असते, ती निघाल्यावर हलणं जाणवतं इतकंच. दोन दातांमध्ये फट दिसते, कारण सुजलेली हिरडी ओसरते. थंड पाणी काही दिवस झोंबतं. मग कमी होतं.

‘गोळी किंवा मंजनाने भागणार नाही?’

नाही. अँटिबायोटिकने किटण निघत नाही. तेल, मीठ, लवंग यांनी तात्पुरतं बरं वाटतं, हाड वाढत नाही. राखुंडी, मिशेरी, गुडाखूने नुकसानच होतं. कडूनिंबाची काडी नीट चावून मऊ करून फिरवली तर वरचा मऊ थर निघतो, त्याला माझी ना नाही, पण ५ मिलीमीटर खाली ती पोचत नाही.

प्रयोगशाळेत काय चाललंय असं विचाराल, तर लिगामेंटमध्ये स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा पेशी, असतात हे २००४ मध्ये दाखवलं गेलं आणि त्या वाढवून मुळाभोवती लावण्याचे प्रयत्न सुरू आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात ते मिळतं असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

जायचं कुठं, विचारायचं काय

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथलं शरद पवार दंत महाविद्यालय, अमरावतीचं दंत महाविद्यालय, अशा ठिकाणी हिरड्यांच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथं शिकणारे डॉक्टर अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे खाजगीपेक्षा कमी. केसपेपर काढताना ‘पेरिओ’ विभाग म्हणून सांगा. विचारायचं ते एवढं: माझ्या दाताभोवतीची मापं किती? एक्स-रेमध्ये खड्डा कसा आहे, किती भिंती उरल्या? साफसफाईनंतर पुन्हा मोजून मग ठरवणार ना? आत काय भरणार?

स्वीडनमध्येच १९७७ मध्ये असंही दिसलं होतं की ज्यांच्या दातांवरचा थर ऑपरेशननंतर पुन्हा साचत राहिला, त्यांचा उरलेला आधारही घटत गेला. म्हणून आधीच स्वतःला विचारा, दर तीन महिन्यांनी येणं जमेल का? पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांतही? नसेल जमत तर तसं डॉक्टरांना सांगा, ते तारखा हंगाम पाहून देतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात, तोवर त्या बाजूने चावायचं नाही, ब्रशऐवजी दिलेल्या औषधाने चूळ भरायची. सळई घालून माप मात्र सहा महिन्यांच्या आत कोणाला घेऊ देऊ नका, नवे तंतू तोवर कोवळे असतात. एक्स-रे सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने. हाड भरत असेल तर खड्ड्याची काळी सावली त्यात हळूहळू करडी होत जाताना दिसते.